आता बरं, की आधी बरं?

“हा माझा जीव आहे, जावईबापू. जीव तुमच्या हवाली करतेय. चष्म्यासारखा कुठेतरी ठेवून विसरू नका,” असं म्हणत सासूबाईंनी कापसाला भिंगरावांच्या हातात दिलं आणि हातात येताक्षणी कापसाने भिंगरावांच्या अंगठ्याचा चावा घेतला.

“लाडात आलाय,” सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

“हो, कळलं,” भिंगराव अंगठा चोखत म्हणाले.

भिंगरावांचं भर बाजारात चष्म्याचं दुकान होतं. त्यांचं खरं नाव दुकानाच्या पाटीवर होतं, पण पाटी वाचता येत असती तर गिऱ्हाईक त्यांच्याकडे आलंच कशाला असतं? म्हणून सगळे त्यांना भिंगरावच म्हणत. गिऱ्हाइकाच्या नाकावर ती जड चौकट चढवायची, भिंगामागून भिंग सरकवायचं आणि विचारायचं, “आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?” नवा चष्मा लावून कोणी दाराच्या काचेवर आपटलं, की पाठीवर हात ठेवून सांगायचं, “होईल सवय.” या दोन वाक्यांवर त्यांचा संसार सुखाने चालला होता. एखादं पोर पहिला चष्मा लागला की एकदम गप्प होऊन समोरच्या झाडाची पानं बघत बसायचं, तेव्हा तर भिंगरावांना आपण कुणीतरी थोर माणूस आहोत असं वाटायचं.

सासूबाईंपुढे मात्र त्यांची दोन्ही वाक्यं घशातच अडकत. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता आणि त्याचं खापर त्या जावयाने दिलेल्या चष्म्यावर फोडत होत्या. “लेकीचं लग्न झालं आणि मला दिसेनासं झालं,” असं त्या आल्यागेल्याला सांगत. हातापाया पडून, गोड बोलून, शेवटी लेकीने रडून दाखवल्यावर त्या ऑपरेशनला तयार झाल्या. डॉक्टरांनी अट घातली की डोळ्यांची पट्टी निघेपर्यंत केसाळ प्राणी जवळ नको. बायको रजा टाकून आईकडे राहायला गेली आणि कापूस जावयाकडे आला.

कापूस म्हणजे चार पायांवर चालणारी उशी. पुढचं टोक कुठलं आणि मागचं कुठलं, हे तो भुंकल्याशिवाय समजत नसे. डोळ्यांवर केसांचा हा एवढा पडदा. सासरे गेल्यापासून त्या मोठ्या घरात सासूबाईंशी बोलणारं हे एवढंच काय ते होतं. त्या सकाळी त्याच्याशी गप्पा मारत चहा घ्यायच्या आणि पेपरातले मोठे मथळे त्याला वाचून दाखवायच्या. बारीक अक्षरांतलं दिसत नसे, म्हणून पुढची बातमी मनाने रचायच्या. कापसाने आजवर एकदाही हरकत घेतली नव्हती.

“त्याच्या केसाला धक्का लागला ना,” बायकोने जाताना दारात बजावलं, “तर आईला नवी नजर मिळून काही उपयोग नाही. बघायचं तरी कुणाला तिने?”

“अगं, कुत्रं सांभाळणं ते काय! दोन वेळचं खायला घालायचं आणि फिरवून आणायचं,” भिंगराव म्हणाले.

सासूबाईंनी सूचना दिल्या. टाळी वाजवल्याशिवाय तो जेवत नाही. झोपण्यापूर्वी त्याचे पाय चेपायचे. आणि संध्याकाळी फोन येईल तेव्हा त्याला फोनवर बोलायला लावायचं. “दोनदा भुंकला तरी पुरे. मला कळतं,” त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी घरी एकटं कसं ठेवायचं म्हणून भिंगराव कापसाला दुकानात घेऊन गेले. चष्म्याच्या दुकानात एक गोष्ट भरपूर असते, आणि ती म्हणजे आरसे. भिंतीवर आरसे, काउंटरवर आरसे, हातात धरायचे आरसे. केसांच्या पडद्यातून कापसाला प्रत्येक आरशात एक पांढरं, अस्पष्ट, आगाऊ जनावर हलताना दिसलं आणि त्याने एकेकाला फैलावर घ्यायला सुरुवात केली. एक आजोबा भिंतीवरची अक्षरं वाचत होते, ते दर भुंकण्याला एक अक्षर गाळू लागले. भिंगरावांनी त्यांना वाढीव नंबर लिहून दिला.

नेमका त्याच दिवशी रंगारी शिडीवर चढून पाटीला हिरवा रंग देत होता. एका गिऱ्हाइकाने हातातला आरसा दाराकडे तोंड करून ठेवला. कापूस त्या आरशातल्या शत्रूवर धावला, दोरी शिडीच्या पायात अडकली, शिडी डगमगली आणि रंगाचा अख्खा डबा कापसाच्या अंगावर रिकामा झाला.

“साहेब,” रंगारी वरूनच म्हणाला, “आता पाटीला हिरवा पुरायचा नाही.”

हिरव्यागार कापसाला वर्तमानपत्रात गुंडाळून भिंगराव कुत्र्यांच्या सलूनमध्ये पोचले. तिथल्या कारागिराने कागद बाजूला करून आत पाहिलं.

“हा तेलरंग आहे. धुऊन जायचा नाही. कापावं लागेल.”

“किती?”

“हिरवं आहे तेवढं.”

“म्हणजे?”

“म्हणजे सगळं.”

भिंगराव बाकावर बसून मनातल्या मनात सासूबाईंना द्यायची उत्तरं घोळवत राहिले. आत दुसरंही एक तसंच पांढरं कुत्रं हजामतीला आलं होतं. बऱ्याच वेळाने कारागिराने त्यांच्या हाती एक सुबक, सडपातळ, टपोऱ्या डोळ्यांचं कुत्रं दिलं. पट्टा रंगाने भरला म्हणून टाकून दिला होता. कापसाला डोळे आहेत, हे भिंगरावांना त्या दिवशी प्रथमच कळलं.

घरी आल्यावर मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. कुत्रं भुंकेना. कपाटाच्या आरशापुढे जाऊन शांतपणे उभं राहिलं, मान इकडे केली, तिकडे केली आणि नाक चाटलं. भिंगरावांनी उकडलेलं अंडं ठेवून टाळी वाजवली, तर ते अंडं सोडून त्यांच्या हातांकडेच बघत बसलं. मग पंख्याकडे बघितलं. मग पडद्यावरच्या फुलांकडे. मग भिंगरावांच्या तोंडाकडे बघितलं, ते बघतच राहिलं. ओळखीच्या घराचं दार ठोठावावं आणि भलत्याच माणसाने उघडावं, तसे त्याचे डोळे झाले होते.

भिंगरावांनी शेवटची परीक्षा घेतली. अंगठा त्याच्या तोंडाजवळ नेला. कुत्र्याने तो चाटला.

“मेलो!” भिंगराव मटकन खाली बसले. “हे आपलं कुत्रं नव्हे!”

इतक्यात फोन वाजला. “कुठाय माझा राजा? बोलवा त्याला,” सासूबाईंचा आवाज आला.

भिंगरावांनी फोन कुत्र्यापुढे धरला. कुत्र्याने कान टवकारले, शेपटी हलवली, फोनच्या मागे जाऊन पाहिलं, मग फोनच्या खाली पाहिलं. पण भुंकण्याचं नाव नाही.

“काय हो, गप्प का तो?”

भिंगरावांनी दार लावलं आहे ना हे बघितलं, डोळे मिटले आणि फोनमध्ये तोंड घालून म्हणाले, “भू. भू.”

मग सासूबाई म्हणाल्या, “अगं बाई! सर्दी झालीय वाटतं त्याला. घोगरा येतोय आवाज. छातीला शेक द्या हं त्याच्या.”

“देतो आई,” भिंगराव म्हणाले, आणि चुकून पुढे आणखी एकदा “भू” म्हणाले.

सकाळी उजाडल्याबरोबर ते कुत्र्याला घेऊन सलूनमध्ये हजर झाले. कारागीर छातीठोकपणे म्हणाला की आपल्याकडून अशी चूक व्हायची नाही. मग दुसऱ्या पांढऱ्या कुत्र्याचा विषय निघाल्यावर थोडा कमी छातीठोकपणे म्हणाला की सहसा व्हायची नाही. ते दुसरं कुत्रं ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंचं होतं.

ड्रायव्हिंग स्कूलच्या बाई म्हणजे एवढीशी मूर्ती आणि भोंग्यासारखा आवाज. भिंगराव पोचले तेव्हा त्यांचं कुत्रं शिकवणीच्या गाडीच्या बॉनेटवर उभं राहून बाजूच्या आरशावर जीव तोडून भुंकत होतं. बाई कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

“याला काल कापून आणला आणि तेव्हापासून हा असा!” त्या म्हणाल्या. “माझा गियर असा नाहीच हो! माझा गियर म्हणजे संन्यासी. गाडीत मागे बसून असायचा. मी शिकणाऱ्याला ‘ब्रेक’ म्हटलं की तोसुद्धा जागच्या जागी बसायचा. आता सकाळपासून ब्रेक ब्रेक करून माझा घसा बसला. रस्त्यावरचा एक खांब सोडत नाही, सगळ्यांवर भुंकतोय!”

“आरशावर भुंकतोय?” भिंगराव पुढे सरसावले.

“आरसा दिसला की पिसाळतोच!”

“बाई, तो आमचा कापूस! आणि हा... हा तुमचा असणार. कालपासून चावला नाही हो मला!”

“एकदाही नाही?”

“एकदाही नाही!”

बाईंनी सहानुभूतीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तरी खात्री करून घेणं बरं, म्हणून त्या भिंगरावांच्या हातातल्या कुत्र्याकडे वळून गरजल्या, “ब्रेक!” त्या आवाजाने कुत्रं घाबरून मटकन खाली बसलं. भिंगरावही अर्धे बसले होते.

“बघा! बसला की नाही? माझं सोनं गं ते!”

मग भिंगरावांनी बॉनेटवरच्या कुत्र्यापुढे अंगठा धरला. ते मुळातच वैतागलेलं होतं. त्याने कडकडून चावा घेतला. भिंगरावांच्या डोळ्यांत पाणी आलं, काही वेदनेचं, काही आनंदाचं.

“कापसा!” ते गहिवरून म्हणाले. “सापडलास रे बाबा!”

दोघांनी एकमेकांचे आभार मानले, कारागिराला चार शब्द सुनावायचं ठरवलं आणि आपापलं कुत्रं घेऊन आपापल्या वाटेने गेले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच; फक्त आपण हात दाखवलाय हे दोघांनाही कळलं नव्हतं.

त्या दिवशी भिंगरावांचा जीव भांड्यात पडला. कुत्रं आरशांवर भुंकलं, त्यांना आनंद झाला. कुत्र्याने दोन चौकटी चावून मोडल्या, त्यांनी त्याला शाबासकी दिली. ते सारखं रस्त्यावरच्या गाड्यांकडे धाव घेई आणि कुणीही दार उघडलं की मागच्या सीटवर जाऊन बसे, हे जरा नवीन होतं. पण सासूबाईंनी गाडीच्या सवयी सांगायच्या राहिल्या असतील, असं म्हणून भिंगरावांनी तेही गोड मानून घेतलं.

संध्याकाळी फोन वाजला. आज फोन धरताच कुत्रं फोनवर असं तुटून पडलं की भिंगरावांना तो उंच धरावा लागला.

“ऐकलंत ना आई? सर्दी बरी झाली!”

“हा कोण भुंकतोय?” सासूबाईंनी विचारलं.

“कापूस, आई.”

“जावईबापू, मला दिसत नाही म्हणून ऐकू येत नाही असं समजू नका. हा कापूस नाही. काल होता तो कापूस. घसा बसला होता बिचाऱ्याचा, पण माझा होता.”

आपला आवाज सासूबाईंना इतका जवळचा वाटला, याचा भिंगरावांना क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांचं धाबं दणाणलं.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडतंय तोच बायको दारात उभी. तिने इकडे बघितलं नाही की तिकडे. “तोंड उघड,” ती म्हणाली.

भिंगरावांनी आ केला.

“तुम्ही नाही हो, तो!”

तिने कुत्र्याचा ओठ वर केला. खालचे दोन्ही सुळे जागच्या जागी होते. कापसाचा खालचा डावा सुळा कधीच पडला होता. भिंगरावांनी सासूबाईंना पहिला चष्मा दिला, त्याची पत्र्याची डबी चावताना कापसाने तो खर्ची घातला होता.

“कुणाचं आहे हे कुत्रं?” बायकोने विचारलं.

भिंगरावांनी सगळं सांगितलं. रंग सांगितला, सलून सांगितलं, भुंकणं नाही सांगितलं. ऐकता ऐकता बायकोचा चेहरा बदलत गेला.

“केस डोळ्यांवरचेसुद्धा कापले होते?”

“सगळे कापले.”

“आणि तेव्हापासून तो गप्प झाला. पंख्याकडे बघत होता, पडद्याकडे बघत होता, तुमच्या तोंडाकडे बघत होता.”

“हो ना! अगदी परक्यासारखा!”

“अहो, त्याला जन्मात पहिल्यांदा धड दिसत होतं!”

भिंगरावांच्या डोळ्यांपुढे पहिला चष्मा लागलेली, झाडाची पानं बघत गप्प बसलेली ती सगळी पोरं उभी राहिली. दुसऱ्यांना नजर देता देता त्यांना स्वतःला एवढंसं कुत्रं दिसलं नव्हतं. आणि त्या बाईंच्या संन्याशाला पडदा उघडल्याबरोबर सगळ्या जगावर भुंकावंसं वाटलं, यात त्याचीही चूक नव्हती. म्हणजे खरा कापूस घरात होता, काखेत होता, तो यांनीच नेऊन दुसऱ्याला देऊन टाकला होता, आणि वर आभारही मानले होते.

“आई कधी येणार आहेत?” त्यांनी कसंबसं विचारलं.

“डॉक्टरांकडून परस्पर इकडेच येतेय. आज पट्टी निघतेय, आणि कुत्र्याला जवळ घ्यायलाही परवानगी दिलीय त्यांनी. काळा चष्मा बसवून घ्यायचाय म्हणाली, पण ते नुसतं निमित्त. ती कापसाला बघायला येतेय. सकाळपासून तेवढं एकच चाललंय तिचं.”

भिंगराव कुत्र्याची दोरी धरून पळत सुटले.

ड्रायव्हिंग स्कूलला कुलूप होतं. बाई शिकवणीला गाडी घेऊन बाहेर पडल्या होत्या. भिंगरावांनी चारी दिशांना नजर फिरवली, तर चौकातून ती गाडी हळूहळू वळत होती. स्टिअरिंगवर एक निवृत्त हेडमास्तर होते, शेजारी बाई होत्या, आणि मागच्या काचेला नाक लावून कापूस भिंगरावांकडे बघत होता. डोळ्यांत तक्रार भरली होती नुसती.

“बाई! थांबा! बाई!”

हेडमास्तरांची गाडी माणसाच्या चालीने जात होती, त्यामुळे भिंगराव लवकरच तिच्या बरोबरीला आले. पण बरोबरीला येणं वेगळं आणि थांबवणं वेगळं. हेडमास्तरांची नजर समोरच्या रस्त्यावर खिळली होती. खिडकीशेजारी कोणीतरी धावतंय एवढं त्यांना जाणवलं.

“रस्त्यात धावू नये,” ते समोर बघतच म्हणाले. “कडेने, रांगेत चालावं.”

“अहो, तो माझा कुत्रा आहे!”

“मग तो माझ्या गाडीत कसा?” हेडमास्तरांनी विचारलं, आणि त्या विचारात त्यांचा पाय नको तिथे पडून गाडीने एकदम वेग घेतला. बाई किंचाळल्या. भाजीच्या गाड्या बाजूला झाल्या, एक सायकलवाला सायकल सोडून फुटपाथवर चढला. पुढच्या सीटच्या पाठीवर चढून कापूस हेडमास्तरांच्या कानात भुंकू लागला, आणि भिंगरावांनी होता नव्हता तेवढा जोर लावून आरोळी ठोकली:

“ब्रेक! ब्रेक! ब्रेक!”

हेडमास्तरांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. आणि भिंगरावांच्या हातातल्या दोरीच्या टोकाला जिवाच्या आकांताने पळणारं कुत्रंही, जुनी सवय अचानक आठवून, जागच्या जागी बसलं. दोरी ताणली गेली आणि भिंगराव भर रस्त्यात लांबच्या लांब पसरले.

बाई गाडीतून उतरल्या. पडलेल्या माणसाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. त्यांची नजर खांबासारख्या निश्चल बसलेल्या कुत्र्यावर खिळली होती.

“गियर?” त्या म्हणाल्या. कुत्र्याने शेपटी आपटली. “अरे माझ्या राजा! तूच की रे!”

उघड्या दारातून कापूस खाली उतरला. रस्त्यावर पालथ्या पडलेल्या भिंगरावांपर्यंत शांतपणे चालत आला, त्यांच्या तोंडाकडे जवळून नीट पाहून घेतलं आणि मग त्यांच्या अंगठ्याचा चावा घेतला. आपल्याला परक्याच्या हवाली केल्याचा सगळा राग त्या चाव्यात होता. भिंगरावांनी अंगठा डोळ्यांपुढे धरला. चाव्याच्या खुणांमध्ये एका सुळ्याची जागा रिकामी होती.

“हाच!” ते रस्त्यावरूनच ओरडले. “एक दात कमी आहे! हाच!”

भिंगराव कापसाला छातीशी धरून दुकानात शिरले तेव्हा गुडघे फुटले होते, नाकाचं टोक सोललं होतं आणि उरले होते तेवढे केस उभे राहिले होते. झाल्या प्रकाराची साक्ष द्यायला म्हणून बाईही गियरला घेऊन आल्या. आणि कारागिराने कापलेली, एकसारखी पांढरी, एकसारखी सडपातळ ती दोन कुत्री शेजारी शेजारी बसलेली असतानाच सासूबाई दुकानाची पायरी चढल्या.

लेकीने हात धरून त्यांना तपासणीच्या खुर्चीत बसवलं. त्यांनी काळा चष्मा काढला आणि सावकाश दुकानभर नजर फिरवली.

“इथे एवढी धूळ होती?” त्या म्हणाल्या. मग त्यांनी खाली बघितलं. “ही कुणाची कुत्री?”

“आई, त्यातला एक आपला कापूस.”

सासूबाईंनी वाकून पाहिलं. या कुत्र्याकडे पाहिलं, त्या कुत्र्याकडे पाहिलं, पुन्हा या कुत्र्याकडे पाहिलं. “दोन्ही नाहीत. माझा कापूस लोण्याच्या रंगाचा होता, पिवळसर. ही तर पांढरीशुभ्र आहेत. आणि माझ्या कापसाला डोळे नव्हते.”

“होते आई, केसांत होते,” भिंगराव म्हणाले. “रंग लागला म्हणून केस कापावे लागले. चुकलंच माझं. आणि तो पिवळेपणा कापसाचा नव्हता, मोतीबिंदूचा होता. तो पहिल्यापासून पांढराच आहे.”

सासूबाईंनी हात पुढे केला. कापूस जागचा हलला नाही. तो खुर्चीपासून हातभर अंतरावर उभा राहून त्यांच्याकडे टक लावून बघत होता. त्यानेही त्यांना कधी नीट पाहिलं नव्हतं.

“म्हणजे इतकी वर्षं मी त्याला पाहिलंच नाही,” सासूबाई हात मागे घेत म्हणाल्या. “आणि आता दिसतोय तर ओळखू येत नाही. मग कशाला केलं हो हे ऑपरेशन? आधीच बरं होतं.”

भिंगरावांना भरून आलं. ऑपरेशनसाठी हातापाया पडलेले ते स्वतःच होते. आजवर किती जणांच्या डोळ्यांपुढे त्यांनी भिंगं सरकवली असतील, पण नेमकं आत्ता कुठलं भिंग घालावं हे त्यांना सुचेना. आणि मग एकदम सुचलं.

“आई, डोळे मिटा,” ते म्हणाले.

“काय?”

“मिटा तर खरं. आणि टाळी वाजवा.”

बायकोला उमगलं. तिने खाली बसून कापसाच्या डोळ्यांवर अलगद हात ठेवला. सासूबाईंनी डोळे मिटले आणि रोजच्या सवयीने टाळी वाजवली.

बायकोच्या हाताखालून कापूस असा सुटला की मधलं स्टूल उलथून तो थेट सासूबाईंच्या मांडीवर पोचला. त्याने त्यांच्या काखेत तोंड खुपसलं आणि कुईकुई सुरू केली. सासूबाईंचे हात त्याच्या पाठीवरून, कानांवरून फिरले, आणि मग त्यांचा अंगठा त्याच्या तोंडात शिरून डाव्या बाजूच्या त्या रिकाम्या जागेवर थांबला.

“हाच!” त्या म्हणाल्या आणि मिटल्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंनीही पदर डोळ्यांना लावला. गियर आरशावर भुंकला, पण त्याच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही.

“आता उघडा डोळे,” भिंगराव म्हणाले. सासूबाईंनी उघडले. कापूस त्यांच्याकडे बघत होता, त्या कापसाकडे बघत होत्या. “आता बरं दिसतंय, की आधी बरं दिसत होतं?”

“आता बरं दिसतंय हो,” सासूबाई म्हणाल्या. “किती गोड डोळे आहेत माझ्या बाळाचे!”

आयुष्यात पहिल्यांदा सासूबाईंनी त्यांना सरळ उत्तर दिलं होतं. भिंगराव धन्य झाले. सासूबाई मान वर करून त्यांच्याकडे वळल्या आणि त्यांचा चेहरा एकदम गोंधळला.

“अगं,” त्यांनी लेकीला हळूच विचारलं, “हे गृहस्थ कोण?”

“आई! अगं, तुझे जावई!”

“हे?” सासूबाईंनी सोललेल्या नाकापासून फुटलेल्या गुडघ्यांपर्यंत आणि तिथून परत टकलापर्यंत पाहणी केली. मग त्यांनी पुन्हा डोळे मिटले. “बोला बघू काहीतरी.”

सगळे आपल्याकडे बघताहेत म्हटल्यावर भिंगरावांच्या तोंडून एकही शब्द फुटेना. शेवटी जे बाहेर पडलं ते ऐकून त्यांनाच घाम फुटला.

“भू,” भिंगराव म्हणाले.

“तेच!” सासूबाई म्हणाल्या. “सर्दी बरी झालेली दिसत नाही अजून.”

बायकोने वळून नवऱ्याकडे पाहिलं. भिंगराव काउंटरवरचे चष्मे पुसू लागले.

सासूबाईंनी डोळे उघडले, जावयाकडे पुन्हा एकदा बराच वेळ निरखून पाहिलं आणि एक उसासा सोडला.

“आधी बरं दिसत होतं,” त्या म्हणाल्या. मग कापसाला एका हाताने सावरत त्यांनी दुसरा हात पुढे केला आणि भिंगरावांच्या पाठीवरून मायेने फिरवला. “पण असू दे. होईल सवय.”